चारशे बारा शर्ट आणि वाढतं माप

सौ. रंभाबाईंना, मुक्काम विठ्ठलवाडी, कोपरीहून तुमच्या विहिणीचा, शेवंतीचा, वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढा प्रत्यक्ष, बाकीचा मनातून). तुमचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावता की बाटली तशीच देव्हाऱ्यामागे उभी आहे? व्याह्यांची साखर उतरली असं रसिका म्हणाली, ऐकून बरं वाटलं. कारल्याने उतरली की तुमच्या धाकाने तेवढं कळवा, म्हणजे इकडे आमच्या ह्यांना काय सुरू करायचं ते ठरवता येईल. सान्वीचा पुढचा दात आला का? पडलेला तिने मला कागदात गुंडाळून दिलेला, तो मी वेलदोड्याच्या डबीत ठेवलाय. आमचं इकडे सगळं उत्तम आहे. म्हणजे गेल्या गुरुवारी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत काहीच उत्तम नव्हतं. पण आता मी इतकी खूश आहे की हे लिहिताना मध्येच उठून दोनदा आरशात बघून आले.

फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसली असं तुम्हाला वाटेल. फोन रसिकाच्या हातात असतो आणि ती तो स्पीकरवर टाकते. लेक माझी असली तरी आता तुमची सून, त्यामुळे दोन्हीकडून मलाच दाबते. मी बोलायला लागले की म्हणते आई मुद्द्यावर ये. पत्रात तसं म्हणायला कोणी नसतं. शिवाय हा विषय तिच्या कानावर जाऊ नये असा आहे, का ते शेवटी कळेल. आमच्या गटातली अक्षदा (बारावी झालेली, आमचे सगळे फॉर्म तीच मोबाइलवर भरते) म्हणाली काकी मी टाइप करून देते. पण ती माझी वाक्यं सरळ करते, आणि मी चौथीपर्यंतच शिकले असले तरी माझी वाक्यं वाकडी असली तर ती माझी आहेत.

तर झालं असं. आमच्या पालिकेने यंदा ठरवलं की शाळेतल्या मुलांचे गणवेश बाहेरगावच्या ठेकेदाराकडून ट्रक भरून आणायचे नाहीत, इथल्याच बायकांकडून शिवून घ्यायचे. आमच्या बचत गटाला खाडीकडच्या शाळेतले शर्ट मिळाले. दोनशे सहा मुलं, प्रत्येकी दोन, म्हणजे चारशे बारा. मीटिंगला पालिकेच्या करिश्मा मॅडम आलेल्या. वय आपल्या रसिकाएवढं, आवाज बारीक, पण नजर अशी की माझ्या ब्लाउजची काखेत उसवलेली शिवण त्यांना बाहेरून दिसली असणार. त्यांनी फळ्यावर एक गोल काढला, गोलावर बाण काढले, आणि सांगितलं की आपण भरलेल्या कराचा पैसा ट्रकबरोबर बाहेर गेला की गेला, आणि इथल्या हातात दिला तर इथेच फिरत राहतो. मला ते आधी फुगडीचं चित्र वाटलं. घरी येऊन विचार केला तर ते फुगडीचंच होतं. हात घट्ट धरले असले की कितीही गरगर फिरा, कोणी पडत नाही. एकीने सोडला की दुसरी थेट भिंतीवर. (रसिकाच्या मंगळागौरीला तुम्ही माझा हात सोडलेला, आठवतं? कपाटाची कडी लागलेली मला. मी काही मनात ठेवलेलं नाही. श्रावणातला दुसरा मंगळवार होता.)

आणि खरंच फिरला हो पैसा. आमच्या चार बिघडलेल्या मशीन पोपटकडे दुरुस्तीला गेल्या. पोपट म्हणजे स्टेशनजवळचा मशीनवाला, तीस वर्षं तिथेच बसतो. त्याने त्यातून मुलीच्या साखरपुड्यासाठी स्वतःला झब्बा शिवायला टाकला, तो आमच्या गटातल्याच शकूकडे. म्हणजे आमच्या हातून गेलेले पैसे पंधरा दिवसांत झब्ब्याचं माप द्यायला स्वतःच्या पायांनी परत आले. शकूने पायात नवीन चपला घेतल्या त्या समोरच्याच दुकानातून, आणि त्या चपलावाल्याची दोन मुलं आमच्याच शर्टांच्या यादीत. मी हे सगळं आमच्या ह्यांना बोटांवर करून दाखवलं. ते म्हणाले, ह्यात माझ्या चहाचं काय? काही माणसं गोलाच्या बाहेरच राहतात.

आता शकूबद्दल सांगायला हवं, कारण गुरुवारी मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती तिची. शकू दोन घरची धुणीभांडी करायची. कात्री तिच्या हातात अशी चालते की कापडाला कळतही नाही. मीच तिच्या मागे लागले, की सोड ती घरं, हे वर्षानुवर्षं चालणारं काम आहे, मी सांगते ना. तिने सोडली. एका घरी तर दुसरी बाईही लागली. त्यामुळे हे काम हातचं गेलं असतं तर बाकीच्या अकराजणींचं नुकसान झालं असतं, पण शकूचा घात झाला असता, आणि तो माझ्या शब्दावर.

मापं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पालिकेने मापांचा छापील तक्ता दिलेला, पण मी म्हटलं मुलं काही तक्त्यातून जन्माला येत नाहीत. दोन दिवस शाळेत जाऊन एकेकाला उभं करून टेप लावली. आणि आपण सगळ्या जशी घेतो तशीच घेतली, म्हणजे वाढत्या अंगाची. टेपवर जे दिसेल त्यात दोन इंच मिळवायचे. आज सहा वर्षांचं पोर दिवाळीला तेवढंच थोडं राहणार आहे? हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण आमटीत मीठ घातलं हेही आपण कोणाला सांगत नाही. वही गेली शकूकडे कटिंगला. शकूने तीन मुलं दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांत वाढवली, तिची कात्री आपणहूनच दोन इंच पुढे जाते. तिनेही कोणाला सांगितलं नाही. कापलेलं कापड गेलं मशीनवर शालूकडे. शालू आमच्या गटाची अध्यक्ष, कोपरीतली जुनी माणसं, तिच्या सासऱ्यांची मिठागरं होती तिथे आता तिची तीन मजली बिल्डिंग उभी आहे. खालचा हॉल तिने आम्हाला शिवायला मोकळा दिलाय. पैशाची तिला गरज नाही, पण रिकामं बसणं तिला माहीत नाही. तिला वाटलं टेंभी नाक्यावरून आणलेलं एवढं चांगलं कापड, जास्तीचं छाटायचं कशाला, पोरं वाढतील. तिनेही दोन इंच आत न घेता सोडून दिले. म्हणजे माझे दोन, शकूचे दोन, शालूचे दोन. तिघींनी तीन वेळा एकाच पोराची काळजी केली.

इथे तुम्ही हसत असणार. हसा. सान्वीच्या पहिल्या वाढदिवसाला मी खणाचा परकर शिवून आणलेला, तेव्हाही तुम्ही हसलेलात. चाळीस माणसांसमोर तो उभा धरून विचारलंत, विहीणबाई, हा सान्वीचा की तिच्या आईचा? सगळा हॉल हसला, केकवाला पण हसला. मग तुम्ही तो घडी घालून कपाटात टाकलात आणि मी त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही. तेही मी मनात ठेवलेलं नाही, सांगायचं एवढंच की तिघींची चूक कळायला आम्हाला तुमच्यासारखी बोलणारी बाई हवी होती, आणि गटात तशी एकही नव्हती.

गुरुवारी चारला करिश्मा मॅडम शर्ट तपासायला येणार. सकाळी दहाला सगळे शर्ट इस्त्री करून, इयत्तेप्रमाणे थप्प्या लावून तयार. शालू म्हणाली एक घालून तर बघू कसा दिसतो, आणि तिच्या नातवाला, आर्यनला, बोलावलं. तो तिसरीत. त्याला पहिलीच्या थप्पीतला शर्ट घातला तर तो गुडघ्याच्या खाली आणि बाह्या बोटांच्या पुढे. पोरगं बिचारं हात शोधत म्हणालं, आजी, मग आता चड्डी नको ना? कोणी हसलं नाही. शालू खुर्चीत बसली आणि तिच्या बोलीत एवढंच म्हणाली, आगो बाय, ह्यो सदरा हाय का गलबताचा शीड? शकू माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती, आणि पायातल्या नव्या चपला तिने काढून बाजूला ठेवल्या. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

अक्षदाने कागद काढून वाचून दाखवलं. माप तक्त्याप्रमाणे नसेल तर माल नापास, आणि काम परत जुन्या पद्धतीने, म्हणजे ट्रकवाल्याकडे. चारशे बारा शर्ट उसवून परत कापायला पंधरा दिवस लागले असते. आमच्याकडे सहा तास होते. मी म्हटलं कापायचं नाही. लांबी आत दुमडा, बाह्या आत दुमडा, कडेने आतून एक चुणी घ्या, आणि मशीन न लावता हातानेच लांब लांब धावदोरा घाला. वरून तक्त्याचं माप, आत सगळा दाब, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, शिल्लक. (मी हे असं सांगितलं जणू पहिल्यापासून हेच ठरलेलं.) बाराजणींनी ते होणार नव्हतं. मग शालू खिडकीत उभी राहिली आणि तिने अख्ख्या आळीला हाक मारली. तिचा आवाज मिठागरावरचा आहे, पलीकडच्या काठापर्यंत जाणारा. अर्ध्या तासात बायका आल्या, कोणी कुकर बंद करून, कोणी डोक्याला मेंदी तशीच ठेवून. पोपटसुद्धा आला, सुया आणि दोऱ्याची रिळं घेऊन, आणि कोपऱ्यात बसून सुया ओवून देत राहिला. जेवणं नाहीत, बोलणं नाही. बावीस बायका एका खोलीत आणि बोलणं नाही, ह्यावरून काय ते समजा. फक्त दर पंधरा मिनिटांनी अक्षदा सांगायची किती झाले. साठ. नव्वद. एकशे तीस. एक वाजला. एकशे नव्वद. एका बाईचं बोट टोचलं आणि पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका आला, तो थुंकी लावून धुण्यात दहा मिनिटं गेली, तेव्हा मला रडू येणार होतं. तीनला दोनशे सत्तर. साडेतीनला तीनशे पाच. मी मनात म्हटलं, अजून दीड तास मिळाला तर...

साडेतीनलाच जिना वाजला. मॅडम अर्धा तास आधी आल्या. बरोबर शाळेच्या मोठ्या बाई. (सरकारी माणसं उशिरा येतात म्हणून आपण आयुष्यभर बोटं मोडतो, आणि ज्या दिवशी त्यांनी उशिरा यावं त्या दिवशी अशी.) बायका भिंतीकडे सरकल्या, सुया पदरात. दुमडलेले शर्ट आम्ही थप्प्यांच्या वर ठेवलेले, न दुमडलेले खाली. मॅडमनी पहिल्या थप्पीवरचा उचलला, टेप लावली, तक्ता बघितला, मान हलवली. दुसरा उचलला. मान हलवली. शकूने चपलेत एक पाय घातला. मग मॅडमनी काय करावं? थप्पीच्या खाली हात घातला आणि मधूनच एक ओढून काढला. ओढला, आणि तो येतच राहिला. हातभर आला तरी येतोच आहे.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरून वर केला, अगदी तुम्ही परकर धरलेलात तसा.

"हा पहिलीचा?"

शालू अध्यक्ष, ती बोलणार होती, पण मी उठले. गुडघे वाजले तेही सगळ्यांना ऐकू गेलं. म्हटलं, "मॅडम, माप माझं आहे. ह्या बायकांना काही बोलू नका."

"आजी, ह्यात दोन मुलं मावतील."

"मावतील. पण एका वेळी नाही. यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरं. दुसरं म्हणजे तेच, वाढलेलं."

मॅडमनी तो शर्ट खाली ठेवला. दुमडलेला एक शर्ट परत हातात घेतला, उलटा केला, आतला धावदोरा टोकाला धरून ओढला. दोरा सर्रकन निघाला आणि शर्ट खाली चार बोटं मोकळा झाला. मग त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, गेल्या वर्षीच्या गणवेशांचं काय झालं. मोठ्या बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर अर्ध्या मुलांची बटणं लागत नव्हती, होळीपर्यंत मुलं घरचेच कपडे घालून यायला लागली. मॅडम टेबलाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. पानभर लिहिलं, पान उलटलं, पुन्हा लिहिलं. एवढं नापास करायला लागत नाही असं मला वाटत होतं, पण पास करायलाही एवढं लागत नाही. शेवटी उठून वाचलं. माल मंजूर. अट अशी, की आठ दिवसांत प्रत्येक शर्ट तक्त्याच्या मापाला दुमडून पक्का करायचा, दाब चार बोटांच्या वर ठेवायचा नाही, आणि तो कसा सोडायचा ते घरच्यांना दाखवून द्यायचं.

शकूने दुसरी चप्पल घातली. शालूने पदर डोळ्याला लावला आणि मग म्हणाली धूळ गेली. पोपट कोपऱ्यात सुई ओवतच होता, त्याला कोणी सांगितलंच नाही की झालं.

दारात गेल्यावर मॅडम वळल्या. "आजी, मग ह्या मुलांना पुढच्या वर्षी शर्ट लागणारच नाहीत. तुम्हाला ऑर्डर कशाची देऊ? नवीन पहिलीचे चाळीस, बस."

आणि हसून गेल्या. त्या गेल्यावर बावीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. शालू म्हणाली, आजच्या दिवस बोलू नका तिला, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी बोलल्या. पण रंभाबाई, सोमवारी शाळेच्या फाटकाशी उभी होते मी, दाब कसा सोडायचा ते आयांना दाखवत. आमच्या कोपरीची मुलं आमच्या कोपरीच्या शर्टांत रांगेने आत गेली, एकाचंही मनगट उघडं नाही. तुम्हाला सांगते, मला सात मुलं जरी झाली असती (एकच झालं, रसिका) तरी एवढी पोरं माझी म्हणून मला कधी वाटली नसती.

असो. सगळ्यांना यथायोग्य सांगा. गुडघ्यांना जपा, तेल लावा. सान्वीला माझ्याकडून एक गोड पापा, न आलेल्या दातावर.

तुमची,
सान्वीची कोपरीची आजी

ता. क. आता मुद्दा. तुमच्याकडची पालिकाही पुढच्या वर्षी असंच करणार आहे असं अक्षदाने कुठून तरी ऐकलंय. काम त्याच गावातल्या बायकांना मिळणार. तर तुम्ही विठ्ठलवाडीत गट काढा. दहा बायका पुरतात, अध्यक्ष तुम्ही, फॉर्म अक्षदा भरेल. मी आणि शकू कटिंगला येऊ, महिनाभर, म्हणजे रसिकाला सांगायचं की सान्वीला भेटायला आलोय. गावचा पैसा गावात राहावा हे मी वर तीन पानं लिहिलंय ते मला माहीत आहे. पण सान्वी अर्धी आमची, म्हणजे मी अर्धी विठ्ठलवाडीची. शिवाय मी भाजी आणि मासळी तुमच्याच बाजारातून घेईन. कोपरीतून येताना रिकामी पिशवी आणीन, जाताना रिकामीच नेईन.

ता. क. दुसरा. गट काढलात तर शर्ट बेताच्या मापाचेच शिवा. दाब ठेवू नका, म्हणजे दर वर्षी ऑर्डर येईल. आम्ही धडा घेतलाय.

ता. क. तिसरा. वरचं राहू द्या, तुम्हाला ते जमणार नाही. मे महिन्यात सान्वी चार दिवस इकडे आलेली तेव्हा तिच्या पिशवीत तो खणाचा परकर होता. वेणी घालताना मी त्याची खालची कड उलटून बघितली. कोणीतरी दाब सोडून नव्याने हातशिलाई केलीय. रसिकाला सुई धरता येत नाही, मीच वाढवलीय तिला. आणि टाके उलट्या बाजूला कलते आहेत, डाव्या हाताचे. आपल्या दोन्ही घरांत डाव्या हाताने शिवणारी बाई एकच आहे. पण मला आवडलं ते वेगळंच. तुम्ही सगळा दाब सोडला नाहीत. दोन बोटं आत ठेवलीत, पुढच्या वर्षासाठी.